वापरकर्ता क्रमांक चार

कंपनीने त्या फोनला ठेवलेलं नाव चांगलं झुळझुळीत होतं, पण चाचणी विभागात त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘ठोकळा’ म्हटलं आणि तेच चिकटलं. होताही तसाच. साबणाच्या वडीएवढा जाड, करड्या प्लास्टिकचा, वरच्या बाजूला लहानशी स्क्रीन आणि खाली चार ओळींत खरीखुरी बटणं. दाबली की आत जाणारी, टक् करून आवाज देणारी. काचेवर ज्यांची बोटं चालत नाहीत अशा लोकांसाठी स्वस्तातला फोन काढायचा, असं कंपनीच्या मनात होतं. बाजारात जायच्या आधी त्याला विभागातल्या एका माणसाच्या हाताखालून जावं लागणार होतं.

तो माणूस म्हणजे तपासनीस. त्याचं नाव घेऊन हाक मारणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. बावीस वर्षं तो एकाच टेबलाशी बसून वस्तू तपासत आला होता. त्याने ‘हो’ म्हटलेली वस्तू तक्रार घेऊन परत आली नव्हती, आणि त्याने ‘नाही’ म्हटलेली वस्तू बाजाराचं तोंड बघू शकली नव्हती. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवायच्या भानगडीत तो पडत नसे.

ठोकळ्याचे दहा नमुने आले. पाच यंत्राखाली गेले. तिथे लोखंडी बोट दिवसभर एकेक बटण दाबत राहतं आणि बाजूच्या काट्यावर आकडा चढत जातो. उरलेले पाच घरच्या चाचणीसाठी होते. साठीच्या पुढच्या पाच जणांनी ते नऊ दिवस वापरायचे. फोनच्या पोटात मोजणी होती, कुठलं बटण किती वेळा दाबलं ती. लिहिलेला मजकूर कंपनीकडे जाणार नाही, फक्त आकडे जातील, असं कागदावर लिहून दिलेलं होतं.

चार माणसं सापडली. पाचवं सापडेना.

“तुमच्या घरी आई आहेत ना?” कळफलकवालीने विचारलं. ठोकळ्याची बटणं तिने आखली होती म्हणून तिला सगळे कळफलकवाली म्हणत. तिशीतली, हसतमुख बाई. बटणांचा उंचवटा किती असावा यावरून तिने कारखान्याशी वर्षभर भांडण काढलं होतं.

“आहे. पण तिला काही कळत नाही,” तपासनीस म्हणाला. मग त्याने जरा विचार केला. “नुसती बटणं दाबत बसली तर चालेल का? आकडा तरी वाढेल.”

“चालेल की,” ती म्हणाली.

उरलेल्या फोनवर चारचा आकडा होता. अशा रीतीने त्याची आई वापरकर्ता क्रमांक चार झाली.

आई आठ महिने अंथरुणाला खिळून होती. त्याआधी पस्तीस वर्षं तिने हॉस्पिटलात काढली होती, शेवटची बारा मुख्य परिचारिका म्हणून. अख्खा वॉर्ड तिला मोठ्या सिस्टर म्हणायचा. शिकाऊ डॉक्टर तिला घाबरत, आणि मोठे डॉक्टर घाबरत नसल्याचं दाखवत. केसपेपरवर कुणी वेळ अंदाजाने टाकली की ती त्याला सगळ्यांदेखत परत बोलवायची. “साधारण दहा म्हणजे किती? घड्याळ गहाण टाकलंय का?” तिचं हे वाक्य घरात चेष्टेत म्हटलं जायचं.

मग एके दिवशी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घशातून निघे तो नुसता आवाज, शब्द नाही. समज किती शिल्लक आहे ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वाचा-उपचारवाल्या बाई अक्षरांचा तक्ता घेऊन आल्या होत्या. आईचा डावा हात थरथरायचा, बोट दोन अक्षरांच्या मधोमध पडायचं, आणि समोरची माणसं आपापल्या मनाने अंदाज बांधायची. चौथ्या दिवशी तिने तक्ता भिरकावून दिला. काचेच्या फोनवरही करून पाहिलं होतं. बोट टेकलं की ते थरथरत सरकायचं आणि एका अक्षराच्या जागी आठ उमटायची. हळूहळू सगळ्यांनी नाद सोडला. घरात तिच्यासमोर लोक बोलू लागले ते कपाटासमोर बोलावं तसं.

बुधवारी संध्याकाळी तपासनिसाने ठोकळा आईच्या डाव्या हाताखाली ठेवला, खाली उशी दिली आणि म्हणाला, “हे घे आई, दाबत बस. खेळ.”

गुरुवारी सकाळी बायकोने ऑफिसात फोन केला. ती एका शाळेत सकाळच्या वर्गांना शिकवायची आणि एक वाजता घरी यायची, पण त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

“अहो, आई लिहितायत,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता.

“काय लिहितेय?”

“पडदा.”

“म्हणजे?”

“पडदा ओढा, असं लिहिलंय. खिडकीचा. सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं त्यांच्या. आठ महिने, अहो! आठ महिने रोज सकाळी ऊन डोळ्यांवर येत होतं आणि आपण म्हणत होतो, बघा, आज डोळ्यांत पाणी आहे, काहीतरी आठवलं असेल.”

ती रडत होती की हसत होती ते त्याला कळलं नाही.

तो संध्याकाळी घरी आला तेव्हा आई बसती झाली होती आणि घरात जरा सण असल्यासारखं वाटत होतं. बायको खुर्ची ओढून शेजारी बसली होती. आई बोट एका बटणावर टेकवायची आणि तसंच थांबायची. हात थरथरला तरी बोट उंचवट्याच्या खोबणीत अडकून राहायचं, घसरायचं नाही. मग थरथर जरा कमी झाली की दाबायची. टक्. ठोकळ्याला साठ ग्रॅमचा जोर लागतो हे तपासनिसाने स्वतः मोजलं होतं. नुसतं टेकून बटण दबत नाही. आईला नेमकं तेवढंच हवं होतं.

मोठ्या सिस्टर परत आल्या त्या तक्रारींची यादी घेऊनच. भाजीत मीठ नाही. गोळी सकाळची नको, रात्री द्या. मावशी पाठ कोरडी करत नाही. मावशी म्हणजे सकाळी सेवेला येणारी बाई. तिने ते वाचलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, “आठ महिने गप्प होत्या तेच बरं होतं म्हणायचं!” आणि मग पाठ इतकी कोरडी केली की आईने लिहिलं, “सोलू नको.” त्या दोन दिवसांत घरात जेवढं हसणं झालं तेवढं वर्षभरात झालं नव्हतं.

तपासनीसही हसला. पण गुरुवारपासून त्याची नजर स्क्रीनवरच असायची. आई बटणावर बोट टेकवी तेव्हा पुढचं अक्षर कुठलं येतं हे तो श्वास धरून बघायचा. बायकोला वाटलं, माया आहे.

रविवारी दुपारी बायको बाजारात गेली होती आणि मावशीची सुट्टी होती. आईने घशातून आवाज काढून त्याला बोलावलं. तो खोलीत गेला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मग खाली बघून लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. तो उभाच राहिला.

स्क्रीनवर आलं : केसपेपरवर वेळ चूक आहे.

“कुठला केसपेपर?” तो म्हणाला.

टक्. टक्. खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

आठला कप पडला. तू होतास.

त्याने मागे वळून दार लोटलं.

त्याला सगळं आठवत होतं. आठ महिन्यांत एक दिवस असा गेला नव्हता की आठवलं नाही. बायको सातलाच शाळेत गेली होती. आठ वाजता आई चहा पीत होती आणि कप हातातून सुटला. तिने त्याच्याकडे बघून काहीतरी म्हटलं, ते शब्द एकमेकांत मिसळून आले. तोंडाची उजवी बाजू किंचित खाली ओढल्यासारखी दिसली. त्याने ते पाहिलं. त्या दिवशी नऊ वाजता एक मोठा ग्राहक विभागाची पाहणी करायला येणार होता, साहेबांनी तीनदा बजावलं होतं. तो म्हणाला, “झोप झाली नाही वाटतं तुझी. पड जरा.” तिने त्याची बाही धरली. त्याने ती हळूच सोडवली, फरशीवरचा चहा पुसला आणि सव्वाआठला तो निघाला.

एक वाजता बायको घरी आली तेव्हा आई पलंग आणि कपाटाच्या मध्ये पडलेली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, “शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?” त्याने सांगितलं, “सव्वाआठला मी निघालो तेव्हा अगदी ठीक होती.” डॉक्टरांनी मान हलवली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. आता उपयोग नाही. केसपेपरवर तशी नोंद झाली. त्याने बायकोला तेच सांगितलं, आणि दूर राहणाऱ्या बहिणीलाही तेच. बहीण फोनवर रडत म्हणाली होती, “दादा, तू तरी काय करणार? तुला कसं कळणार?”

आणि आई हे सगळं ऐकत होती. झटक्याची लक्षणं तिने शिकाऊ मुलींकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतली होती. कप पडला त्या क्षणी आपल्याला काय झालंय हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच कळलं नसणार. पलंग आणि कपाटाच्या मध्ये पडल्या पडल्या तिला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं.

“आई,” तो म्हणाला, “तुला नीट आठवत नसेल. त्या दिवशी तू...”

मी नर्स आहे.

त्याने खुर्ची ओढली पण बसला नाही. आई पुढे लिहीत होती. हात आता जास्त थरथरत होता, दोन अक्षरं चुकली, तिने ती खोडली आणि परत लिहिली.

तुला शिक्षा नको. वेळ दुरुस्त कर.

तिने काही फार मागितलं नव्हतं. ती रागावलीही नव्हती. ती डोळे वर करून त्याच्याकडे बघत होती ते वॉर्डात एखाद्या शिकाऊ मुलाकडे बघावं तसं. चूक झाली आहे, ठीक आहे, आता नोंद नीट कर.

त्याला तेवढं जमलं नाही. त्याने वाकून फोन तिच्या हाताखालून घेतला, अंगठ्याने खोडायचं बटण दाबलं आणि दाबत राहिला. एकेक अक्षर गेलं. आईने ते शेवटपर्यंत बघितलं. स्क्रीन कोरी झाल्यावर त्याने फोन परत उशीवर ठेवला आणि म्हणाला, “पाणी हवंय का?”

आईने डोळे मिटून घेतले.

त्या दिवसानंतर तो तिच्या खोलीत एकटा गेला नाही. दारातूनच विचारायचा, “बरी आहेस ना?” आणि उत्तराची अक्षरं उमटायच्या आत पुढे निघून जायचा. आतून टक् टक् ऐकू यायचं. बायको काही बोलत नव्हती. मंगळवारी ती आईला व्यायामाच्या उपचारासाठी हॉस्पिटलात घेऊन गेली आणि ठोकळाही बरोबर नेला, हे त्याला मावशीकडून कळलं. त्याने संध्याकाळभर बायकोच्या तोंडाकडे बघितलं. ती वह्या तपासत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, “काही सांगायचंय का?”

“नाही,” तो म्हणाला. तिने लाल पेनाने पुढची वही ओढली. तिला काही माहीत नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

शुक्रवारी नऊ दिवस भरले. ऑफिसला जाण्याआधी तो खोलीत गेला. मावशी तिथे होती.

“आई, फोन परत द्यायचाय कंपनीला. नियम आहे.”

आईने तळवा ठोकळ्यावर पालथा टाकला.

“तपासून झाला की बघू,” तो म्हणाला. आई हात उचलेना. त्याने तिची बोटं एकेक करून उचलली. त्यांच्यात जोर असा नव्हताच. मावशी मोरीकडे तोंड करून उगाच बादली विसळत राहिली.

ऑफिसात जाऊन त्याने पहिलं काम केलं ते फोनमधला मजकूर पुसायचं. नमुने परत घेताना ते करायचंच असतं. पुसण्याआधी फोनने विचारलं, सतरा टिपणं आहेत, वाचायची आहेत का? त्याने वाचली नाहीत. मजकूर गेला, आकडे राहिले.

यंत्राचा निकालही आलेला होता. बटणांनी तीन लाख वेळा दाबलं जाणं सोसायला हवं होतं. पाचपैकी तीन नमुन्यांत दोन लाखांच्या आसपास एक-दोन बटणं मुकी झाली होती. बटणांखालचं रबराचं पातळ पान कोपऱ्यात फाटत होतं. दोष खरा होता, ते यंत्र काही कुणाचं मिंधं नव्हतं. अहवालाच्या शेवटी तीन चौकटी असतात : मंजूर, दुरुस्तीसह मंजूर, नामंजूर. पान जरा जाड घेतलं की दोष जाणार होता. हे तपासनिसाला दिसत होतं, विभागातल्या कुणालाही दिसलं असतं. बावीस वर्षांत अशा दोषाला त्याने दर वेळी मधलीच चौकट दिली होती.

दुपारपर्यंत त्याने अहवाल समोर ठेवून नुसता पेन फिरवला. ठोकळा बाजारात आला तर बायको पहिल्या दिवशी विकत आणेल. मग तो नऊ दिवसांचा नसेल, कायमचा असेल. बहिणीचा फोन येईल आणि आई तिलाही लिहील. त्याने तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि खाली सही ठोकली.

सोमवारी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. कळफलकवाली जाड पानाचा तुकडा बरोबरच घेऊन आली होती.

“दोन आठवडे द्या,” ती म्हणाली. “एवढंच बदलायचंय. नामंजूर कशाला?”

“तीन नमुने गेले,” तपासनीस म्हणाला. “नियमाने दोन गेले तरी नामंजूर करता येतो.”

“करता येतो. करावाच लागतो असं कुठे आहे?” तिने कागद पुढे सरकवला. “आणि घरच्या चाचणीचं काय? हे बघा. वापरकर्ता चार. नऊ दिवसांत चार हजार तीनशे सोळा वेळा बटणं दाबलीयत. बाकी चौघांची बेरीज याच्या निम्मीही नाही. ज्या माणसासाठी आपण हा फोन काढला ना साहेब, तो हा माणूस आहे.”

साहेबांनी तपासनिसाकडे बघितलं. “कोण आहे हा चार नंबर?”

“माझी आई,” तो म्हणाला. “ती नोंद अपवाद धरावी. आजारी आहे. नुसती बटणं दाबत बसते. तिला समज नाही.”

कळफलकवालीने कागदावर बोट ठेवलं.

“मजकूर माझ्याकडे नाही, फक्त आकडे आहेत,” ती हळू म्हणाली. “पण शब्द संपल्यावर मोकळी जागा सोडायचं जे बटण आहे, ते दर पाच-सहा अक्षरांनंतर एकदा दाबलंय. पहिल्या दिवसापासून. समज नसलेला माणूस शब्दांमध्ये जागा सोडत नाही हो.”

“योगायोग असेल,” तो म्हणाला.

“शेकडो वेळा?”

साहेबांना जेवायला जायचं होतं. त्यांनी अहवाल मिटला. “यांनी बावीस वर्षांत चुकीचा शेरा मारलेला नाही,” ते म्हणाले. “यांच्या शब्दावर मी जातो. ठोकळा बंद.”

कळफलकवालीने रबराचा तुकडा उचलला, ओढणीच्या टोकाने उगाच पुसला आणि ती निघून गेली. महिन्याभरात तिची दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदली झाली. तपासनिसाला निरोप द्यायला ती त्याच्या टेबलाशी आली नाही.

घरी बायकोने विचारलं, “फोन कधी येणार बाजारात?”

“नाही येणार. नापास झाला.”

“कशात?”

त्याने रबराच्या पानाचं सांगितलं. आकडे सांगितले, यंत्राचं सांगितलं, गरजेपेक्षा जास्तच सांगितलं. ती ऐकत राहिली.

“दुरुस्त होण्यासारखं नव्हतं?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि आईला भरवायला उठून गेली. आई आता नुसती डोळ्यांनी हो-नाही करायची, तेही बायकोपुरतं. पडदा मात्र सकाळी न चुकता ओढला जात होता.

पुढच्या महिन्यात आईला डॉक्टरांना दाखवायचं होतं. बायकोच्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून त्याला रजा काढून जावं लागलं. इतक्या महिन्यांत अशा तपासणीला तो पहिल्यांदाच जात होता. दर वेळी काम निघायचं. चाकांच्या खुर्चीत आई बसलेली, मांडीवर शाल, आणि तो शेजारच्या स्टुलावर. डॉक्टरांनी फाइल उघडून त्याच्यासमोर टेबलावर टाकली आणि ते आईचा रक्तदाब घेऊ लागले.

पहिल्याच पानावर एक ओळ सरळ रेघ मारून खोडलेली होती. सव्वाआठला रुग्ण ठीक, ती ओळ. वर निळ्या शाईने लिहिलं होतं : सकाळी आठ. लक्षणे घरच्या व्यक्तीने पाहिली. माहिती रुग्णाने स्वतः लिहून दिली. खाली सही आणि तारीख.

तारीख मंगळवारची होती. रविवारनंतरच्या त्या मंगळवारची. ठोकळा बंद व्हायच्या सहा दिवस आधीची.

डॉक्टरांनी त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं. “हां, ते दुरुस्त केलं आपण,” ते सहज म्हणाले. “सिस्टरांनी मला खडसावलंच म्हणा ना. साधारण वेळ टाकता का, म्हणून. त्या फोनवर मस्त लिहीत होत्या. आणला नाही का आज?”

“नाही,” तो म्हणाला.

आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. रक्तदाबाचा पट्टा सुटताना फसफस आवाज झाला. डॉक्टर दुसरंच काही विचारू लागले, झोप कशी आहे, भूक कशी आहे. झोप कशी आहे ते त्याला माहीत नव्हतं.

बायको दुपारी घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

तिने पिशवी खाली ठेवली. “हो.”

“मंगळवारपासून?”

“सोमवारी लिहिलं आईंनी मला. मंगळवारी डॉक्टरांना स्वतःच दाखवलं. मी फक्त खुर्ची ढकलली.”

“मग मला बोलली का नाहीस? भांडायचं, शिव्या द्यायच्या, काहीतरी...”

“आईंनी सांगितलं होतं, त्याला विचारू नकोस, तो स्वतः सांगेल. म्हणून वाट बघत होते.” ती नळाखाली हात धुऊ लागली. पाठमोरीच बोलत होती. “वह्या तपासताना विचारलं तुम्हाला, काही सांगायचंय का. तुम्ही नाही म्हणालात. फोन घेऊन गेलात, तेव्हाही मला वाटलं, आज ऑफिसातून आल्यावर सांगतील. मग म्हणालात, दुरुस्त होण्यासारखा नव्हता. शाळेत मी चाळीस पोरांची थापेबाजी रोज ऐकते. मला कळलं.”

“मी घाबरलो होतो गं.”

“त्या दिवशी आठ वाजता घाबरलात, ते मी समजू शकते. माणूस आहे. चुकतं, कळत नाही, ऑफिस डोक्यात असतं. ते मी विसरलेही असते.” तिने नळ बंद केला. “पण आई पुन्हा बोलायला लागल्या होत्या हो. आणि तुम्ही त्यांची बोटं एकेक करून उचललीत. मावशीने सांगितलं मला.”

त्याने ओट्यावरचं फडकं उचललं आणि परत ठेवलं.

“त्या फोनमध्ये रोज दुपारी लिहीत बसायच्या त्या,” बायको म्हणाली. “मी डोकावलं तर हाताने झाकायच्या. तुमच्यासाठी होतं म्हणे. वाचलंत का पुसण्याआधी?”

“नाही.”

तिने टॉवेलने हात कोरडे केले, टॉवेल खुंटीला लावला आणि त्याच्या बाजूने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसच्या भांडारात गेला आणि ठोकळ्याचा एखादा नमुना मिळेल का म्हणून विचारलं. भांडारातल्या माणसाने नोंदवही काढून दाखवली. नामंजूर झालेले नमुने चिरडून टाकायचे असतात. दहाच्या दहा चिरडले होते. परवानगीखाली तपासनिसाचीच सही होती. त्याने कळफलकवालीला दुसऱ्या शाखेत फोन लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, साचेही गेले, आता काही उरलेलं नाही. मग जरा थांबून तिने विचारलं, “आई कशा आहेत?” त्याने फोन ठेवून दिला.

मग जे पहिल्याच महिन्यात करता आलं असतं ते त्याने आता केलं. जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घेतला, काचेच्या मोठ्या फोनवरची अक्षरं जिथे येतात तिथे बरोबर भोकं पाडली, कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. बोट भोकात अडकेल, घसरणार नाही. दोन आठवडे तो जेवणाच्या सुट्टीत तेच करत बसला. तिसऱ्यांदा जमलं. बटणासारखा टक् आवाज त्याला नव्हता, चुका जास्त व्हायच्या, पण चालत होतं. त्याने स्वतःच्या डाव्या हाताने शंभर शब्द लिहून पाहिले.

प्लास्टिक बसवलेला फोन आईसमोर उशीवर ठेवून तो म्हणाला, “आई, हे बघ. मी केलंय. लिही ना. काहीही लिही. मला शिव्या दे.”

आईने त्याच्याकडे बघितलं, मग त्या प्लास्टिककडे बघितलं. हात उचलला नाही. तो तासभर बसून राहिला.

दोन दिवसांनी दुपारी तो लवकर घरी आला. आतून बायकोचं हसणं ऐकू आलं, किती दिवसांनी. तो चपला न काढताच दारापर्यंत गेला. आईचं बोट त्याने पाडलेल्या भोकात होतं. सावकाश, थरथरत, एका भोकातून दुसऱ्यात चाललं होतं. बायको वाकून वाचत होती आणि म्हणत होती, “थांबा थांबा, पुढचं मी ओळखते.”

मग दोघींना तो दिसला. आईने भोकातून बोट काढलं, हात उचलून शालीवर ठेवला आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.